आग्या मोहोळाखालचा राब

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे तिथे ऐकलेलं सगळं सुटीत थोरल्या भावाला सांगायची मला घाई असे. त्या उन्हाळ्यात राबासाठी पालापाचोळ्याचे भारे वाहताना मी दादाला म्हटलं, मधमाशी डसली की तिचा काटा आत राहतो आणि ती मरते. गांधीलमाशी मात्र पुन्हापुन्हा डसते.

"कालेजात माशा शिकवतात का रं?" दादा हसला. "आमी हितं फुकटच डसून घेतलं मग."

दादाला या सगळ्यांच्या रीती ठाऊक होत्या. आंब्याची पानं चिकटवून राहणारे लाल मुंगळे अंगभर चढत, पण झटकले की संपलं. गांधीलमाशी पोळ्यापासून जरा लांब हाकलून परत फिरे. वारूळ फोडलं तर मोठ्या डोक्याची शिपाई वाळवी भोकाशी उभी राही आणि मागून बाकीच्या भोक लिंपत. ढोलीतल्या सातेरी माश्या धूर दिला की आत गप्प बसत. त्यांचा मध दादा उघड्या हातांनी काढी.

हीच सवय नडली. भाताची रोपं टाकायची जमीन आम्ही आधी पाला पसरून भाजतो, तो राब. आमचा राब सावरीच्या झाडाजवळ होता, आणि त्या वर्षी सावरीला आग्या मोहोळ लटकलं होतं.

"यंदा हितं नको भाजू रं," बाबा म्हणाले.

"धूर लागला की गप बसतील, बाबा. सातेरी नाय का बसत?"

मलाही ते पटलं. आग्या उघड्यावर राहतो, गप्प बसायला त्याला आत अशी जागाच नसते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

राब पेटवला, तोच वारा फिरला आणि धूर थेट मोहोळावर गेला. माश्या उठल्या. आम्ही ओढ्याकडे पळालो. आग शेजारच्या शेतात जाऊ नये म्हणून बाबा ओला डहाळा घेऊन बांधावर बसले होते. दुखऱ्या गुडघ्यामुळे त्यांना पळता येईना. दादा अर्ध्या वाटेतून मागे फिरला. त्याने बाबांवर गोणपाट टाकलं आणि वर स्वतः आडवा झाला. मी पाण्यातून हाका मारत राहिलो.

कशेळ्याहून टेंपो येईपर्यंत तो शुद्धीवर होता. "बाबांना बघ," एवढंच म्हणत होता. कर्जतला पोचायच्या आत तो गेला.

गावातले लोक पलिते घेऊन मोहोळ जाळायला निघाले, तेव्हा बाबांनीच अडवलं. "ऱ्हाऊ द्या. त्यांची पन ढिगानं मेलीत."

बाबांना जेमतेम डसलं होतं. पण तेव्हापासून ते अंगावर पांघरूण घेत नाहीत. थंडीत त्यांचा डोळा लागला की आई हळूच गोधडी घालते. ते लगेच जागे होतात, गोधडी बाजूला सारतात आणि म्हणतात, "वझं वाटतं गं."