शियामेनची नीलावहिनी

इराचा फोन आला तेव्हा मी विमानतळावरची सकाळची शिफ्ट संपवून बसने लंडनमधल्या हाउन्सलोला घरी चालले होते. "आत्या, आई उठतच नाहीये..." एवढंच ती म्हणाली, आणि मागून पॅरामेडिकचं बोलणं ऐकू आलं. मी तशीच उतरले, ट्रेन बदलत बेसिंगस्टोक गाठलं. पण तोवर सगळं संपलं होतं. नीलावहिनी झोपेतच गेली. त्याला आता महिना होऊन गेला. माझ्या दादाची बायको, इराची आई, एवढीच ओळख सांगितली तर वहिनीवर अन्याय होईल. ती सांगलीची सून होती, शेवटची काही वर्षं इंग्लंडात बेसिंगस्टोकला राहिली; पण कुणी "तुम्ही कुठल्या?" असं विचारलं, की पटकन म्हणायची, "शियामेनची."

शियामेन हे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. दगडाच्या व्यापाराचं गाव म्हणावं इतका तिथे ग्रॅनाइटचा पसारा. आपल्या दक्षिणेतले काळे ठोकळे जहाजाने तिकडे जात, तिथे कापले जात, त्यांना पॉलिश होई, आणि मग कुणाच्या स्वयंपाकघरातला ओटा तर कुणाच्या थडग्यावरचा दगड होऊन ते इंग्लंड-जपानला निघत. दादा बंगळूरच्या एका निर्यातदाराचा माणूस म्हणून तिथे गेला. माल उतरवून घ्यायचा, कापून झाला की तपासायचा, पुढे पाठवायचा. वहिनी तान्ह्या इराला घेऊन मागाहून गेली. पहिलं वर्ष तिने रडून काढलं. भाषा येत नाही, हवेला सतत समुद्राचा आणि सुकवलेल्या मासळीचा वास, आणि ही शाकाहारी! मग एका बौद्ध देवळापाशी बिनकांद्याचं जेवण मिळतं असा शोध तिला लागला, आणि त्या देवळातल्या बायकांशी खाणाखुणा करता करताच ती बोलायला शिकली. पुस्तकातली चिनी नव्हे, किनाऱ्यावरची बोली. दादा गमतीने म्हणायचा, "मी इंटरप्रिटर घेऊन हिंडतो, आणि ही मार्केटात भांडून येते."

इरा नऊ वर्षांची असताना दादा दगडांच्या यार्डातच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. अस्थी घेऊन वहिनी सांगलीला आली, दिवसवार झाले, आणि "दोन महिन्यांत तिकडचं आवरून येते" असं सांगून परत गेली. दोनाचे सहा महिने झाले. फोनवर इराची शाळा, अडकलेला माल, काही ना काही निघायचं. आई थकली होती. मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते, लग्न व्हायचं होतं. आई म्हणाली, "रेखा, तू जा आणि दोघींना घेऊन ये. पोर तिथं परक्यात वाढायला नको."

मी गेले ती हेच मनाशी धरून. पण वहिनीला भेटायचं म्हणजे यार्डातच जावं लागे. दादाचं काम तिने कधी उचललं ते आम्हाला तिने कळूच दिलं नव्हतं. पंजाबी ड्रेसवर रबरी बूट, तोंडाला मास्क, कानठळ्या बसवणाऱ्या करवतींच्या आवाजात ती दगडांच्या रांगांमधून चालत होती. ओल्या लादीवर वाकून बघायची, पाणी सुकत आलं की एखादी केसाएवढी रेघ तेवढी ओली राहते, ती चीर. ती दिसली की खडूने फुली! मग मालकांच्या, लिनसाहेबांच्या, ऑफिसात सगळे चहाला बसत. बाहुलीच्या भातुकलीतले वाटावेत एवढे कप, पुन्हा पुन्हा भरले जाणारे. तिथे भाव ठरत, रुसवे निघत, लग्नं जमत. पहिल्या चार कपांत कामाचं बोलायचंच नसतं, हे वहिनीनेच मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी फेरीने गुलांगयू बेटावर गेलो. मोटारी नसलेल्या गल्ल्या, जुने बंगले, कुठल्याशा खिडकीतून येणारे पियानोचे सूर... इरा पुढे पळत होती. मी विषय काढला.

"वहिनी, आई वाट बघतेय गं."

"माहितेय मला." तिने इराला हाताने थांबायची खूण केली. "पण सांगलीला मी कोण असेन, रेखा? अरविंदची बायको... तीही मागे राहिलेली. सगळे प्रेमाने वागवतील, आणि मी खोलीत बसून राहीन. इथे सकाळी मी गेटवर आले की लोक म्हणतात, आली, आता कंटेनर भरा."

"आणि एकटी पडलीस तर?"

"तिकडे पडणार नाही का?"

त्याच आठवड्यात तिथला मध्यशरदाचा सण होता, भाद्रपदातली पौर्णिमा. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागणार होता आणि मला आईचा चेहरा दिसत होता. शियामेनला त्या दिवसांत घरोघरी, ऑफिसांतून, चिनीमातीच्या मोठ्या वाडग्यात सहा फासे टाकायचा खेळ रंगतो. फाशावरचा चाराचा आकडा लाल असतो, तो पडला की भाग्य. बक्षिसं साबण, टॉवेल, तेलाच्या बाटल्या, आणि सगळ्यात मोठं म्हणजे राइस कुकर. लिनसाहेबांकडे सारं यार्ड जमलं होतं. वहिनी मागे भिंतीला टेकून उभी होती. लिनबाई थेट तिच्याकडे गेल्या, हाताला धरून तिला पुढे आणलं आणि पहिला डाव तिलाच टाकायला लावला. वाडग्यात फासे खणखणले. एकच चार पडला. मिळाला एक साबण! आणि वहिनी हसली. तोंडावर हात न घेता, खळखळून... दादा गेल्यानंतर तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. म्हटलं, "वहिनी येत नाही. मी एकटीच येतेय."

आई म्हणाली, "तिला करमतंय का तिथं?"

"हो."

"मग राहू दे. इराला मराठी तेवढं विसरू देऊ नको म्हणावं."

आणखी बारा वर्षं ती तिथे राहिली. हळूहळू धुळीचे नियम कडक झाले, शहरात जागा महागल्या, यार्डं आत डोंगराकडे गेली. लिनसाहेबांनी धंदा बंद केला. त्यांच्या ऑफिसच्या जागी कॉफी शॉप आलं, त्याचा फोटो वहिनीने मला पाठवला होता, खाली एक शब्दही न लिहिता. मग ज्या ब्रिटिश आयातदाराला ती माल पाठवायची, त्यानेच तिला बेसिंगस्टोकला कामावर बोलावलं. इरा इथे शिकायला आलेलीच होती, आणि मीही लग्न होऊन हाउन्सलोला. वहिनी इथल्या लोकांना ऐटीत सांगायची, "तुमचा 'टी' शब्द आमच्या शियामेनच्या बोलीतून आलाय." चर्चच्या आवारातून जाताना एखाद्या चकचकीत काळ्या दगडाशी थांबायची, रुमालाने त्यावरचं शेवाळ पुसायची. थडग्यात झोपलेल्या माणसाशी तिची ओळख नसायची, दगडाशी असायची.

परवा इरा कपाट आवरताना म्हणाली, "आत्या, आई तुझा खूप आठवण काढायची. म्हणायची, रेखाने मला न्यायला येऊन राहू दिलं." 'तुझी आठवण' अशी दुरुस्ती करायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी कपाटातले कपडे खाली काढायला लागले.

वहिनीची एक सवय राहून गेली सांगायची. शियामेनला कुणी कपात चहा ओतला, की बोलणं न थांबवता दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करतात, तोच धन्यवाद. वहिनी हे सगळीकडे करायची. एकदा वेम्बलीतल्या थाळीच्या हॉटेलात वाढप्याने पाणी ओतलं, हिने टकटक केलं, आणि ही बाई घाई करतेय असं वाटून तो बिचारा धावतच जेवण घेऊन आला! आम्ही किती हसलो होतो. काल सकाळी माझ्या नवऱ्याने समोर चहा ठेवला. मी खिडकीबाहेर बघत होते, आणि माझी दोन बोटं आपोआप टेबलावर वाजली.

"काय हवंय?" त्याने विचारलं.

मी माझ्याच हाताकडे बघत राहिले.