रंग बदलणाऱ्या पट्टीचे सर

पट्टीसर समोरच्या माणसाच्या कपाळाला पट्टी लावल्याशिवाय बोलायला सुरुवातच करत नसत. बोटभर रुंदीची काळी प्लास्टिकची पट्टी. कपाळावर टेकवली की आधी तांबूस होई, मग हिरवी, मग निळी. प्राचार्य असोत, कँटीनवाला असो, नाहीतर टपाल घेऊन आलेला पोस्टमन. सर पट्टी टेकवत आणि लगेच मान वळवून आजूबाजूच्यांच्या तोंडाकडे बघत. पट्टीकडे त्यांनी स्वतः क्वचितच पाहिलं असेल. लोकांचे डोळे विस्फारले की यांचं पोट भरे.

एकाहत्तर-बहात्तरचा काळ. नगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि सर आमच्या विभागाचे प्रमुख. परदेशात दोन वर्षं राहून ते चार-पाच बाटल्या आणि मणभर ऐट घेऊन परत आले होते. बाटल्यांत लिक्विड क्रिस्टल होते, म्हणजे द्रवस्फटिक. धड पाणी नाही, धड खडा नाही, असा हा पदार्थ. सरांचंही तसंच आहे, धड शिक्षक नाहीत, धड संशोधक नाहीत, असं पोरं म्हणायची. मी त्यांना दटावायचो, पण मनातून पटलेलं असायचं.

"तुमच्या नगरला हे कळायला पन्नास वर्षं लागतील," हे त्यांचं लाडकं वाक्य. माणूस जन्मानं नगर जिल्ह्यातल्याच राजूरचा. बाजाराच्या दिवशी वडिलांबरोबर हिरड्याची पोती उतरवून शिकलेला. पण दोन वर्षांत नगर 'तुमचं' झालं, आणि राजूरचं तर नावच नको. गावाकडचं कुणी भेटायला आलं की सर त्याला व्हरांड्यातच उभं ठेवत. त्याच्या कपाळाला मात्र पट्टी लावत.

पट्ट्या मी बनवायचो. वेगवेगळ्या बाटल्यांतलं मोजून घ्यायचं, गरम पाण्यावर एकत्र वितळवायचं, काळा रंग दिलेल्या प्लास्टिकवर पातळ थर ओढायचा आणि थर्मामीटर शेजारी ठेवून कुठल्या तापमानाला कुठला रंग येतो ते वहीत लिहायचं. सर चहाच्या वेळेला डोकावत. "झालं का आमचं काम?" असं विचारत. 'आमचं' या शब्दात मी कुठे बसतो, ते मला कधी समजलं नाही.

एक मात्र खरं सांगितलं पाहिजे. एका दुपारी भूगर्भशास्त्राच्या लोकांकडून त्यांनी खास मायक्रोस्कोप मागून आणला, त्याखाली एक थेंब ठेवला आणि मला म्हणाले, "बघा हो, बघा." काळ्या अंधारात रंगांच्या शिरा सरकत होत्या. तासभर मी डोळा काढला नाही आणि तासभर ते माझ्याशेजारी उभे राहिले, एकदाही नगरला नावं न ठेवता. काटे नसलेली घड्याळं येतील, भिंतीवर तसबिरीसारखा टांगायचा सिनेमा येईल, बटण दाबलं की खिडकीची काच दुधाळ होईल, असं ते सांगत राहिले. आम्ही पाठीमागे हसायचो. पुढे ते सगळं खरं झालं, याचा मला अजून राग येतो. असल्या माणसाचं खरं व्हायला नको होतं.

उन्हाळ्यात कॉलेजनं पाथर्डीकडच्या एका गावात आरोग्य शिबिर घेतलं. पट्टीची जाहीर चाचणी करायची सरांना हीच संधी वाटली. निघण्याआधी मी म्हणालो, "सर, एक अडचण आहे. थंड असते तेव्हा पट्टी काळी, आणि ताप एकशे एक डिग्रीच्या पुढे गेला की पुन्हा काळीच. रंग बदलताना बघितलं नाही तर फसगत होईल."

"तुम्ही लोक आधी खोट शोधता," सर म्हणाले.

उन्हं चढली की पट्टी नुसत्या हवेनं रंगायची, म्हणून शिबिर सकाळीच शाळेच्या ओसरीत भरलं. ऊसतोडीहून नुकतीच परतलेली माणसं रांगेत होती. त्यांत एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून आली. सरांनी मुलीच्या कपाळाला पट्टी लावली आणि सवयीप्रमाणे सरपंचांच्या तोंडाकडे बघितलं. मी पट्टीकडे बघत होतो. तांबूस, हिरवी, निळी, सगळे रंग झरझर पळाले आणि पट्टी काळी झाली. मग सरांनी खाली पाहिलं.

"काळी. ताप नाही. लिहा."

"अवो साहेब, हाताला चटका बसतोय की!" बाई म्हणाली.

"बाई, हे परदेशातलं शास्त्र आहे."

"आसंल. माजा हात काय खोटं बोलतो व्हय?"

थर्मामीटर माझ्या पिशवीत होता. सरपंच समोर होते, प्राचार्य समोर होते. मी वहीत लिहिलं: ताप नाही.

बाई मुलीला घेऊन तडक निघाली. ती फाट्याच्या वळणावर पोचली तेव्हा कुठे मी पळत सुटलो आणि धापा टाकत म्हणालो, "बाई, हिला लगेच दवाखान्यात न्या, ताप फार आहे."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आन् तवा तोंडाला कुलूप घातलं हुतं व्हय?" समोरून आलेल्या एसटीला तिनं हात केला आणि चढून गेली.

मुदतीचा ताप निघाला, म्हणजे टायफॉइड. तिला नगरच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, तेव्हा महिन्याभरानं मी तिथं जाऊन आलो. मुलगी वाचली होती, केस मात्र पार गळले होते. आईनं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

पावसाळ्यात सरांनी आपला शोधनिबंध माझ्यासमोर ठेवला. तक्त्यात त्या मुलीची ओळ होती: ताप नाही. पट्टी एकदाही चुकली नाही, असा निष्कर्ष होता.

"सर, ती मुलगी महिनाभर दवाखान्यात होती."

"पट्टीवर दिसलं ते लिहिलंय. दवाखान्याचं आपण कुठे लिहितोय?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "दुसरं नाव तुमचं घातलंय. नोकरी कायम व्हायला उपयोगी पडेल."

दिवाळीच्या आत सर मुंबईला मोठ्या जागेवर गेले. निरोपसमारंभात त्यांनी अध्यक्षांच्या कपाळाला पट्टी लावली आणि आमच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा ते कधी भेटले नाहीत. त्यांच्या खोटेपणाला नावं ठेवत मी सगळा जन्म घालवला. त्याच कॉलेजात, कायम नोकरीवर. त्या निबंधावर मी सही केली होती, आणि ती करताना माझा हात जराही अडखळला नव्हता.