आळीकडचा ओटा

सर्व गावकरी, पाहुणेमंडळी आणि हायवेवरून जाणाऱ्या-येणाऱ्या समस्त वाहनचालकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, आमच्या नव्या घराच्या स्वयंपाकघरात अख्खी आळी मांडी घालून बसेल एवढा ओटा मंजूर झाला होता. काळ्या ग्रॅनाइटचा. सिंकसकट.

नकाशा टेबलावर पसरून आर्किटेक्ट माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होता. ठाण्याचा पोरगा, गुणी, बोलायला गोड. म्हणाला, "मावशी, खूश? तीन भिंतींना ओटा फिरवलाय. तुम्ही सांगितलात तसा."

मी काय सांगितलं होतं? पहिल्या भेटीत त्याने आम्हा तिघांना विचारलं होतं, घरात काय काय हवं. आमच्या ह्यांनी गाड्यांची जागा सांगितली. मुलाने त्याच्या खोलीचं सांगितलं, कारण त्याचं लग्न ठरलं होतं. मी एवढंच म्हटलं, "ओटा मोठा पायजे. हळदीला आळी बसली पायजे."

आता शहरात ओटा एकच, ज्याच्यावर गॅस असतो. आमच्या आगऱ्यांच्या गावात ओटा म्हणजे दाराबाहेर, घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून बांधलेली बसायची जागा. त्या बिचाऱ्याला हे कोण सांगणार? आणि हळदीचं तर त्याने भलतंच धरलं होतं. त्याला वाटलं, वर्षाचा मसाला. आळीतल्या बायका ओट्यावर चढून हळकुंडं कुटत असतील. मी हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होते. आमचे हेही हसले. मग माझी नजर नकाशाच्या पुढच्या बाजूला गेली आणि हसू तिथेच थांबलं. तिथे एक जाड रेघ होती. पुरुषभर उंचीची भिंत आणि सरकतं गेट.

"आणि बाहेरचा ओटा?"

"बाहेर कशाला, मावशी? गॅस तर आत आहे."

हे आमचं वडपे. पूर्वी आजूबाजूला भाताची शेतं होती, आता गोडाऊनं आहेत. निळ्या पत्र्यांच्या रांगा, रात्रंदिवस ट्रक, दुकानात मराठीपेक्षा हिंदी जास्त. मला त्याचं वाईट वाटत नाही. गोडाऊनांनी आमची घरं उभी केली, खोटं कशाला बोला? मी गोडाऊनला समजू शकते. त्याच्या आत दुसऱ्याचा माल असतो, म्हणून भिंत, म्हणून वॉचमन, म्हणून कुलूप. पण घराने गोडाऊनसारखं का वागावं?

माझं माहेर नारपोलीचं. भिंतीपलीकडे कापडाचे खडखडणारे लूम, खाली लूम, आणि त्यांच्या वर आम्ही. आमच्याकडे 'मीठ दे' हेही ओरडून सांगावं लागायचं. लाइट जाऊन लूम बंद पडले की आम्ही सगळे गप्प व्हायचो, कारण एवढ्या शांततेत कसं बोलतात तेच माहीत नव्हतं. असा आवाज घेऊन मी सून म्हणून या गावात आले. पहिल्याच दिवशी ओट्यावर उभी राहून धाकट्या दिराला हाक मारली, तर आळीच्या दुसऱ्या टोकाहून भलत्याच घरातल्या बाईने उत्तर दिलं, "त्यो हितं हाय गो, चा पितोय!" झाली ओळख.

त्या वेळी आळीतले सगळे ओटे एका उंचीचे आणि एकाला एक लागलेले होते. पावसाळ्यात खाली कितीही चिखल होवो, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय न भिजवता जाता यायचं. जाताना कुणाची सुकट निवडून द्यायची, कुणाचं पोर मांडीवर घ्यायचं, कुणाचं भांडण अर्ध्यातून ऐकायचं आणि आपलं मत देऊन पुढे जायचं. वाट ज्याच्या-त्याच्या दारावरून जायची आणि कुणाची परवानगी लागायची नाही. लग्नात तर सगळे ओटे मिळून एक ओटा व्हायचा. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. नवरामुलगा ओट्यावर बसायचा, धवलारीण बाजूला बसून लग्नाची गाणी म्हणायची, आणि बघायला सगळं गाव. आमंत्रण असो वा नसो.

मग एकेक घर पाडून बंगले झाले. बंगल्यांना भिंती आल्या, भिंतींना गेटं आली आणि गेटांच्या खांबांवर सिंह येऊन बसले. सिंह! आमच्या वाडवडिलांनी मीठ पिकवलं, भात लावला, खाडीत जाळी टाकली. सिंहाशी आमचा संबंध कधी आला? खांबावर खाडीतली एखादी बोय मासळी बसवली असती तर निदान ओळखीचं कुणी घरी आल्यासारखं वाटलं असतं.

नकाशा आला त्या संध्याकाळी घरात लढाई सुरू झाली.

"सगल्यांची घरं बंद हायेत. आपलंच उघडं ठेवायचं?" हे म्हणाले.

"ठेवायचं."

"तुझ्या ओट्यावर बसनार कोन? कुत्री?"

"बसूदे. दमली असतील."

"ट्रकवाले येऊन बसतील, तंबाखू थुंकतील."

"त्यांना मी बघून घेते. पोराची हळद माझ्या दारात, ओट्यावर व्हनार."

"हळद लॉनवर करू. हायवेला केवढं मोठं लॉन हाय."

यावर मी उठले. सरळ आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या धवलारणीकडे गेले. ह्यांची हळद तिनेच लावली होती, माझ्या मुलाचीही तीच लावणार होती. तिला लॉनचं सांगितलं. तिने पान तोंडात सरकवलं आणि म्हणाली, "लॉनवं मी न्हाय गात. मागं एकदा गेलते. गानं सांगू कोनाला? पंख्याला?"

म्हणजे ओटा नाही तर धवलारीण नाही, आणि धवलारीण नाही तर माझ्या लेखी ती हळदच नाही. मी घरी येऊन हे जाहीर केलं. हे म्हणाले, "तुझा ओटा तू तुझ्या माहेरी बांध." माझ्या माहेरी लूमच्या मध्ये सुई ठेवायला जागा नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात जुनं घर पाडलं आणि आम्ही समोर धाकट्या दिराकडे राहायला गेलो. एक दिवस सकाळी उठून पाहते तर समोर पांढऱ्या फक्कीची रेघ. भिंतीची आखणी. मला न विचारता. जेसीबी आळीत शिरत होता.

मी घरात गेले. सूप घेतलं, तांदूळ घेतले, चटई घेतली, आणि बरोब्बर त्या पांढऱ्या रेघेवर जाऊन बसले. मांडी घालून. तांदूळ निवडायला लागले. मग नारपोलीचा तो आवाज लावला आणि आळीला हाक दिली, "या गो बसायला!"

आल्या. सिंहाच्या गेटांतून एकेक बाई बाहेर आली. कुणी विटांवर बसली, कुणी रेतीच्या ढिगावर. एकीने लसूण आणली सोलायला. धवलारीण आली, तिला आम्ही सिमेंटच्या गोणीवर मानाने बसवलं.

जेसीबीवाला खाली उतरला. उत्तरेकडचा माणूस, अदबशीर. "मौसी, जरा हटो ना. खुदाई करनी है."

"ये मेरा ओटा है."

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "किधर है ओटा?"

"जिधर मैं बैठी हूँ."

त्याला ते पटलं असावं. त्याने मशीन बंद केलं आणि सावलीत बिडी काढली. तेवढ्यात हे आले. समोर बायको, वहिन्या, काक्या, आणि सिमेंटच्या गोणीवर ती बाई, जिने त्यांच्या अंगाला हळद लावली होती. सगळ्या त्यांच्याकडे बघताहेत आणि एकही बोलत नाही. आमच्या आळीतल्या बायका गप्प बसल्या म्हणजे परिस्थिती किती गंभीर आहे, हे आमच्यात जन्मलेल्या पुरुषाला सांगावं लागत नाही. शेवटी धवलारीणच म्हणाली, "का रं? उभा का? बस की. जागा हाय."

ते बसले नाहीत. पण खिशातून फोन काढून त्यांनी आर्किटेक्टला लावला आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "पुढची भिंत काढून टाका. ओटा घ्या. न्हाय, किचनमदला नको, बाहेरचा." मग फोन ठेवून माझ्याकडे वळले, "तुझा ओटा. तूच झाडायचा, तूच पुसायचा. मना बोलवायचं न्हाय."

"नाय बोलवत," मी म्हटलं.

आर्किटेक्टने ओटा झकास काढला. रस्त्याला लागून, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बसल्यावर पाय टेकतील अशा बेताचा. गाड्या गेल्या मागे. त्याला एकच दुःख होतं, घराचा दर्शनी भाग 'मोकळा मोकळा' दिसतो म्हणे. मी म्हटलं, थांब जरा.

घर झालं. मी ओटा झाडते, मीच पुसते. थुंकणारा एक आला होता, त्याच्याशी मी नारपोलीच्या आवाजात बोलले, तेव्हापासून कुणी आला नाही. दुपारी गोडाऊनचे हमाल डबे उघडून बसतात. कुत्रीही बसतात, ह्यांचं म्हणणं खरं ठरलं. हे मात्र त्यावर कधी बसले नाहीत. आतल्या सोफ्यावर बसून दारातून रस्ता बघायचे, मान लांब करून, आणि कुणी पाहिलं की टीव्ही बघत असल्यासारखं करायचे.

मग मुलाची हळद आली. मांडव दारात पडला. मुलगा ओट्यावर बसला, धवलारणीने आवाज लावला, आणि माणसं यायला लागली ती थांबेनात. पडघ्याचे पाहुणे, आळीतली सगळी घरं, ट्रक बाजूला लावून आलेले ड्रायव्हर. आर्किटेक्टही आला होता. त्याला कोणी ओळखलं नाही, कारण तोंड, चष्मा, शर्ट सगळं पिवळं झालं होतं. खरी हळद काय असते ते आता त्याला कळलं होतं.

कपाळाला हळद लावायला म्हणून ह्यांना ओट्यावर बसवलं होतं. मुलाच्या शेजारी, वडिलांच्या मानाने. लावून झाली तरी उठेनात. मांडीवर ताल धरून गाणी ऐकत होते. तेवढ्यात आतून कुणी हाक मारली म्हणून नाइलाजाने गेले. परत येतात तो त्यांच्या जागेवर एक ट्रक ड्रायव्हर ऐसपैस बसलेला, हातात मटणाचं ताट.

गाण्याच्या दोन ओळींमध्ये धवलारीण श्वास घ्यायला थांबली होती, त्यामुळे ते अख्ख्या आळीला ऐकू गेलं:

"ओ, सरक रं तिकडं! माझा ओटा हाय ह्यो!"