रंगवलेली सासू

आमच्या मामेसासऱ्यांइतकी मेलेल्या माणसांची काळजी जगात दुसऱ्या कुणी घेतली नसेल. जिवंतांची त्यांनी फारशी घेतल्याचं मला आठवत नाही. मला कावीळ झाली तेव्हा भेटायला आले आणि तासभर पालेगावच्या वाडीतल्या दफनभूमीत खालच्या अंगाला पाणी कसं तुंबतं तेच सांगत बसले. "फार हाल होतात हो बिचाऱ्यांचे," म्हणून डोळे पुसले आणि माझ्यासाठी आणलेली मोसंबी तशीच परत घेऊन गेले.

ही दफनभूमी म्हणजे अंबरनाथ पूर्वेच्या टोकाची एक उतरती जमीन. वाडीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं तिथे पुरत आणि उशाशी एक दगड ठेवत. त्यावर नाव नाही, काही नाही. मामा कारखान्यातल्या पेंट शॉपमधून निवृत्त झाल्यावर तिकडे फिरायला जात आणि दमले की एका दगडावर टेकत. एकदा वाडीतल्या सोमीबाईनं ते पाहिलं. "उठा आदी! माजी सासू हाय ती," ती ओरडली. मामा ताडकन उठले, दगडाची हात जोडून माफी मागितली आणि मग सोमीबाईकडून एकेका दगडाची ओळख करून घेतली. पुढे आमच्या दिवाळीच्या पाहुण्यांनाही ते फराळ उरकायच्या आत तिकडे न्यायला लागले. माझं लग्न नवं असताना मलाही नेलं. "जावईबापू, या सोमीबाईच्या आत्या. पान फार खायच्या." मी वाकून नमस्कार केला. करतो काय, सासरचं प्रकरण होतं.

नव्वदच्या आसपास तिकडे इमारती चढू लागल्या आणि एका बिल्डरची नजर या उतारावर गेली. त्याचा मुकादम म्हणाला, "काका, इधर कबर किधर है? सब पत्थर है." हे मामांना फार लागलं. बुलडोझरवाल्याला लांबून दिसावेत म्हणून त्यांनी घरात उरलेला लाल रंग नेला आणि सगळे दगड रंगवून काढले. सोमीबाईच्या सासूला तर दोन हात दिले.

रंगवलेल्या लाल दगडाचं आपल्याकडे काय होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मामांच्या मात्र ते डोक्यातच आलं नाही. आठवड्याच्या आत सासूपुढे नारळ फुटला. विठ्ठलवाडीहून बायका ओटी घेऊन आल्या. उल्हासनगरचा एक सिंधी कापडवाला पेढे ठेवून म्हणाला, "साईं, बहुत जागृत स्थान है." बुलडोझर मुकाट्यानं परत गेला. मामा खूश, पण सोमीबाई भडकली. "जल्मात मला सुकानं भाकर खाऊ दिली नाय, आन आता बसलीय पेढे खात!"

बिल्डर मामांपेक्षा हुशार निघाला. देवाला संगमरवरी देऊळ बांधून देतो, बाकीची जागा मला द्या, म्हणाला. भक्तमंडळी लगेच तयार झाली. म्हणजे एका सासूला कळस आणि बाकी सगळ्यांवर पार्किंग! खरं बोलावं तर देव जाणार आणि बुलडोझर येणार, गप्प बसावं तर वाडीची माणसं फरशीखाली जाणार. मामांचं जेवणावरून लक्ष उडालं. शेवटी ते रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन निघाले, आणि सोमीबाईसोबत दगड घासायला बसले.

"अहो, देव पुसता काय?" भक्त धावून आले.

"देव नाही हो. हिची सासू आहे," मामा रडकुंडीला येऊन म्हणाले.

मग सोमीबाई उभी राहिली आणि कोण कुठे निजलंय, कोण कुणाशी भांडायचं, सगळं सांगत सुटली. ओटी घेऊन आलेल्या बायका हळूहळू खाली बसल्या. एकीनं विचारलंच, "मग शेवटी जमलं का हो सासूशी?"

"माज्याच मांडीवर गेली," सोमीबाई म्हणाली.

बुलडोझर पुन्हा आला तेव्हा याच बायका ओटीच्या ताटांसकट त्याच्यापुढे बसल्या. बिल्डरनं कंटाळून नकाशा बदलला आणि उताराला तारेचं कुंपण पडलं.

पुढे काही वर्षांनी मामा गेले. त्यांना आपल्या रीतीनं अग्नी दिला. तेराव्याला सोमीबाई आली आणि म्हणाली, "त्यांच्या घरातला येक दगड द्या." फ्लॅटमध्ये दगड कुठला असणार? मामींनी मिक्सर आल्यापासून पडून असलेला पाटा दिला. मी तो रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. सोमीबाईनं तो रांगेत नीट बसवला. मी विचारलं, "नाव घालायचं का?"

"कशाला? आमाला ठावं हाय ना, कोन हाय त्यो."

आता सोमीबाईही नाही. मला मामांची फार आठवण येते. म्हणून इथे सांगून ठेवतो. त्या बाजूला गेलात तर उताराच्या खालच्या अंगाला टाकीचे घाव असलेला एक चौकोनी दगड दिसेल. ते आमचे मामा.