स्पीकरवरची शेवळं

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुकर लावला, तोही आयर्लंडमध्ये. त्याआधी भाताशी माझा संबंध लावणीपुरता आणि नंतर थेट ताटापुरता. मधलं सगळं बायका करायच्या.

माझी बायको नर्स. शहापूरला बरीच वर्षं नोकरी केल्यावर तिला तिकडच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं, आणि तिच्या व्हिसाचं शेपूट धरून मीही गेलो. मुरबाडच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. तिथे गेल्यावर काहीतरी मिळेलच, असं मला वाटलं होतं. मिळालं ते स्वयंपाकघर. बायकोची ड्युटी बारा तासांची. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "घरात जो असेल, तो शिजवेल." घरात मीच असायचो.

गावात मात्र मी निघतानाच सांगून ठेवलं होतं की मलाही तिथे कंपनीत काम लागलंय. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. बायकोच्या पगारावर बसून खाणारा पुरुष तिथे अजून कोणी उघडपणे पाहिलेला नाही, आणि पहिला नंबर मला नको होता. खरं काय ते फक्त ताईला ठाऊक. थोरली बहीण, दिलेली गावातच. लहानपणी मी शाळा बुडवून नदीवर गेलो, तेव्हाही तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तर रोज सकाळी बायको गेली की मी ताईला फोन लावायचो. गावात तेव्हा दुपार झालेली असायची. फोन ओट्यावर टेकवून मी विचारायचो, उकडीला पाणी किती? ती म्हणायची, "पिठाला लागंल तेवढं." ते किती, हे समजायला मला तीन महिने लागले. पहिल्यांदा मी आणलं ते पीठच चुकीचं होतं. चिनी दुकानातलं, चिकट. भाकरी हातातून सुटेना. सुटली ती तव्याला बसली. जवळा भाजला, तर छतावरची धुराच्या भोंग्याची डबी केकाटायला लागली आणि वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ पायजम्यावर खाली आले. ताई हसायची. मला बरं वाटायचं. निदान कोणीतरी हसतंय.

हळूहळू भाकरीच्या मागून बाकीचंही यायला लागलं. कामासाठी पाठवलेल्या अर्जांना उत्तर येत नाही. दुकानातली मुलगी पैसे घेताना काय बोलते ते कळत नाही, म्हणून मी नुसती मान हलवतो, आणि त्या नादात एकदा दान देऊन बसलो. बायको दमून येते, जेवते, 'चांगलं झालंय' म्हणते, आणि मला दहावी पास झाल्यासारखा आनंद होतो. मग त्या आनंदाचीच लाज वाटते. एक दिवस कांदा कापताना बोलता बोलता रडलो. कांद्यावर ढकललं. ताई म्हणाली, "रडून घे रे. इथं कोण बगतंय तुला."

मग शेवळं केली. निघताना शेजारच्या काकीने सुकवलेल्या शेवळांची पुरचुंडी दिली होती. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे हे कोंब. सगळ्यांच्या घरात होतात, सगळ्यांना आवडतात, आणि काकडांशिवाय केले तर घसा खाजवून माणूस वेडा होतो. काकडं म्हणजे आंबट रानफळं. भाजीत त्यांचा रस पडला की खाज मरते. हे मला माहीत होतं का? तर होतं. चाळीस वर्षं मी ती भाजी खात होतो. पण काकडं कोणीतरी घालतं म्हणून भाजी खाजत नाही, हे चमचा तोंडात जाईपर्यंत डोक्यात आलं नाही.

दोन घासांत जीभ पेटली. ओठ सुजले. मी फोन लावला आणि कसंबसं म्हणालो, "ताय, थेवलं... काकलं नाय घातली."

पलीकडे हसू फुटलं. पण ते एका गळ्याचं नव्हतं. चार-पाच गळे होते. आणि त्यातून काकीचा आवाज अगदी स्वच्छ आला, "चिंच चोखाय सांग गो त्याला, चिंच. मेल्यानं आमसूल तरी घालाचं व्हतं."

मी चिंच चोखली. गुण आला. पाच मिनिटांनी बोलता यायला लागलं, तेव्हा विचारलं, "ताय, फोन स्पीकरवर हाय का?"

"हाताला पीठ असतंय माझ्या."

"रोज?"

"बायका तांदूळ निवडाय येतात रे दुपारच्या. त्यांना काय उटून जा सांगू?" मग म्हणाली, "आनि तू बोलतोस पन मजेशीर."

"मी रडलो तेव्हा?"

मागे कोणीतरी सूप आपटलं. "त्या दिवशी कोन नव्हतं," ताई म्हणाली. "दोगीच व्हत्या."

मी फोन ठेवला. भाजी कचऱ्यात टाकली आणि खुर्चीवर बसून राहिलो. मग आठवले गणपतीतले फोन. सगळं गाव एकामागून एक पडद्यावर येऊन मला विचारत होतं, काम कसं काय, साहेब कसा हाय. आणि मी साहेबाचं वर्णन केलं होतं. उंच, टकला, माझ्यावर फार विश्वास. कँटीनमधलं जेवण बेचव असतं, असंही सांगितलं होतं. काकीने गंभीरपणे मान डोलावून विचारलं होतं, "मंग डबा कोन करून देतंय?" तेव्हा मला वाटलं होतं, किती काळजी करते. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि एकालाही हसू फुटलं नाही. एवढी शिस्त मी कारखान्यातसुद्धा पाहिली नव्हती.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती आधी माझे ओठ बघून हसली, मग थांबली. म्हणाली, "त्यांनी वाईट मनाने नसेल केलं."

"वाईट मनाने केलं असतं तर भांडता आलं असतं," मी म्हणालो.

दहा-बारा दिवस फोन केला नाही. नेटवरच्या बायकांकडून शिकायचं ठरवलं. त्या सगळं कपात मोजतात आणि कुणाच्याच भाकरीला आमच्या घरचा वास येत नाही. शेवटी कुळथाचं पिठलं करायचं होतं, गुठळ्या होत होत्या, म्हणून नंबर फिरवला.

ताईने पहिल्याच रिंगला उचलला. "जेवलास का?"

"व्हायचंय. कुळथाचं पीठ आदी कालवायचं की उकळत्या पान्यात टाकायचं?"

"आदी कालव, गार पान्यात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज मी एकटीच हाय रे. बोल ना."

मागे खरंच कुणाचा आवाज नव्हता. त्याच आठवड्यात मला एका गोदामातून नकार आला होता. तो कागद ओट्यावरच, तिखटाच्या डब्याखाली होता. मी डबा सरकवून तो पुरता झाकला.

"चार मानसांना पीठ किती घेऊ?" तोंडाला आलं ते मी विचारलं.

"तुमी तर दोगंच."

"मग दोघांना किती?"

तिने सांगितलं. मी तेवढं घेतलं.