कुत्र्यांना बेंदूर नाही

मला न्हायला आडोसा नव्हता, पण आमच्या घरच्या कुत्र्यांना माडी होती. वाढवून सांगत नाही. तासगावच्या अलीकडच्या आमच्या गावात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि ज्यांनी पाहिलं नाही ते मुद्दाम चालत येऊन बघून गेले.

लढाई संपली आणि आमचे हे पलटणीतून घरी आले. लग्न झालं तेव्हा अंगाची हळद निघायच्या आत रजा संपवून गेलेला माणूस. मला तर त्यांचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. आले ते एक हिरवी लोखंडी ट्रंक घेऊन, आणि ती ट्रंक काही उघडायचं नाव नाही. दोन कपडे वर, बाकी सगळं आत. "आवं, कापडं काढून दांडीवर टाका की," म्हटलं की म्हणायचे, "असू दे. परत कवा जावं लागंल, सांगता येतं व्हय?"

रोज सकाळी झाडताना ती ट्रंक झाडूला लागायची आणि वाटायचं, आज उचलतात का उद्या. कारण मला कळत होतं, यांना घरात कामच नव्हतं. शेत थोरल्या दिरांच्या हातात, बैल त्यांच्या शब्दात. यांनी औत धरलं तर बैलसुद्धा मागं वळून बघायचे, हा कोण पाहुणा म्हणून! दोनचार वेळा असं झाल्यावर हे शेतात जायचेच बंद झाले, आणि मग सुरू झालं कुत्र्यांचं.

लढाईत हे उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरात होते. तिथं एका गोऱ्या साहेबाची कुत्री होती, बिनचाकाची गाडी बर्फावरनं ओढणारी, आणि त्यांची देखभाल यांच्याकडं. ते एकदा सांगायला लागले की तव्यावरची भाकरी करपली तरी मी हलायची नाही. एक दिवस पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात बैलगाडीची चाकं पार मधल्या तुंब्यापर्यंत रुतलेली बघितली आणि हे ओरडले, "अगं, चिखूल म्हंजे काळा बर्फच की!"

झालं. बाभळीचे दोन वाकडे सोट तासून त्यावर फळ्या ठोकल्या आणि गाडी तयार. गावची सहा कुत्री भाकरीच्या तुकड्यावर भरती झाली. त्यांना हुद्देसुद्धा दिले. पुढचा हवालदार, त्याच्या मागं नाईक, बाकीचे शिपाई, आणि एक तांबडी कुत्री होती ती सुभेदारीण. मग त्यांच्यासाठी ती माडी. खाली चार खांब, जमिनीपासून हातभर उंच फळ्यांची भुई, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, पावसाच्या वाऱ्याकडं पाठ, प्रत्येकाला वेगळा कप्पा आणि कप्प्यात कोरडं गवत. "वल्या जाग्यावर निजलेलं कुत्रं सकाळी काय वढणार?" असं मलाच विचारायचे. कामावरनं आली की आधी पाणी, मग दम, मग ताकातली भाकरी. संध्याकाळी एकेकाचा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यातले काटे काढायचे आणि करंजेल चोळायचे. माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या त्या काही कुणाला दिसल्या नाहीत!

सुभेदारीण गाभण राहिली, तर तिला कामातनं माफी. मी म्हटलं, "आणि जाऊबाईस्नी? दिवस भरत आलेत, अजून घागरी वाहत्यात." त्या दिवसापासून पाणी हे आणायला लागले, गाडीवरनं, कुत्री जुंपून. गाव हसून लोळला. पण मी खरं सांगते, इतका आनंदी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो माझा होता.

मामंजींना मात्र ते सोसेना. माझे सासरे म्हणजे गावातलं वजनदार माणूस, आणि त्यांच्या पोराला लोक 'कुत्र्यांचा कर्नल' म्हणायला लागलेले. ते धुमसत होते, आणि बेंदूर जवळ आला.

आमच्याकडं आषाढात बेंदूर असतो, बैलांचा सण. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळायचे, आणि सणादिवशी काही झालं तरी त्यांच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, पुरणपोळी आणि मिरवणूक. आता यांनी काय करावं? खांदेमळणीला बैलांच्या रांगेत आपली कुत्री नेऊन बसवली आणि हळदीची वाटी घेऊन बसले.

मामंजींनी वाटी लाथाडली. "कुत्र्याला कसला आलाय बेंदूर? कुत्र्याला बेंदूर न्हाई! परवा ही तुजी पागा मोडून टाकायची!"

हे शांतपणे म्हणाले, "मोडा, आबा. मग मीबी पलटणीत जातो."

मी चुलीपाशी होते. पुरणाला घेतलेली डाळ हातातनं सांडली आणि मी ती तिथंच बसून एकेक वेचत राहिले, कारण उठले असते तर रडले असते.

बेंदराच्या दिवशी दुपारी बैल सजून उभे, हलगी वाजायला लागलेली, आणि जाऊबाईंना कळा सुरू झाल्या. सुईण ओढ्यापलीकडच्या वाडीवर. बाई हाताची गुणी, पण अंगानं ही एवढी, आणि गुडघे गेलेले. तिला कायम बैलगाडीनंच आणायचे. आत जाऊबाई ओरडत होत्या. थोरले दीर जू उचलायला धावले, तर आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, त्यांचा हात धरला. "बेंदराला जू? पोरीच्या जिवावर बेतल, नगं रं!" मामंजी पटका हातात घेऊन नुसते उभे. कधी बैलाकडं बघायचे, कधी माजघराच्या दाराकडं.

मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. दाराआडनं बोलले, "मामंजी, काल तुमीच म्हनलासा. कुत्र्याला बेंदूर न्हाई."

मग मामंजी यांच्यावर खेकसले, "ऐकाया येत न्हाई व्हय? जुंप की!"

जाताना गाडी रिकामी, पाखरासारखी गेली. येताना सुईण म्हणाली, "मी काय मढं हाय व्हय, घसटत न्यायला?" तरी बसली. पाच कुत्री, त्यांच्या जोडीला दोर खांद्यावर घेऊन आमचे हे, आणि मागनं ढकलायला मी! पदर खोचलेला, गुडघ्याएवढा चिखल, आणि सासरच्या गावात सून पळतेय. ओढ्याचा उतार लागला आणि गाडी जी सुटली ती आमच्याही पुढं. सुईण देवांची नावं घेत होती, मधूनच आमच्या सात पिढ्यांची.

आणि वेशीत बैलांची मिरवणूक आडवी. हवालदाराला पुरणपोळीचा वास लागला. मग कसली वाट आणि कसलं काय! गाडी थेट मिरवणुकीतनं. हलगीवाला कट्ट्यावर चढला, झुली घेऊन बैल चौफेर, आणि नाईकानं पळता पळता पाटलाच्या ताटातली पोळी अशी उचलली की ताट जागचं हललं नाही. हे ओरडले, "आगे बढो!" आणि मला हसू फुटलं ते आवरेना. हसत होते, रडत होते, ढकलत होते. सुईणसुद्धा हसायला लागली. "पळीव रं, गड्या, पळीव!"

दारात उतरली तेव्हा चिखलातनं तिचे नुसते डोळे दिसत होते. घडाभर पाणी ओतून घेतलं आणि आत गेली. नाळ गळ्याला गुंडाळलेली होती. आणखी उशीर झाला असता तर काय, ते तिनं नंतर हळूच सांगितलं. दिवे लागायच्या आत मुलगी रडली, खणखणीत. जाऊबाई सुखरूप. आणि सुईण बाहेर येऊन मामंजींना म्हणाली, "हितनं फुडं मला न्यायला बैलगाडी धाडू नगा. कुत्री धाडा."

मामंजी तडक आत वळले. सैपाकघरात येऊन पोळ्यांची दुरडीच उचलली आणि माडीकडं गेले. एकेका कप्प्यापुढं पोळी ठेवली, हवालदाराच्या कपाळाला गुलाल लावला. मग यांच्याकडं न बघताच म्हणाले, "उद्या तुज्या पलटणीला सुट्टी. परवा मळ्यात शेणखत न्यायचं हाय. गाड्या रुतत्यात. तू बघ."

त्याच रात्री सुभेदारीण व्याली. पावसाची झड माडीत येत होती, म्हणून हे पिलांना पदरात घ्यावं तसं धोतराच्या सोग्यात घेऊन घरात आले आणि इकडंतिकडं बघायला लागले. मग खाली बसले, ट्रंक उघडली, आतले सगळे कपडे काढून माझ्या हातात दिले आणि तळाशी गवत पसरून पिलं त्यात ठेवली.

"आवं, मग ही कापडं कुठं ठिवू?" मी विचारलं.

"दांडीवर टाक," हे म्हणाले, "तुज्या लुगड्याशेजारी."