वळसंगकरबाईंचा लाटण्याचा टेलिफोन

बाळीवेशीतल्या आमच्या बोळात अनसूयाबाई वळसंगकर राहायला आल्या, तेव्हा हातगाडीवर एक पत्र्याची ट्रंक, एक आरामखुर्ची आणि तुळशीची कुंडी एवढंच सामान होतं. मी विचारलं, "बाकीचं मागून येतंय का?" तर म्हणाल्या, "वहिनी, बाकीची मीच आहे की!" आणि अशा हसल्या की हातगाडीवालाही हसला.

टेलिफोन ऑफिसात ट्रंक कॉलच्या, म्हणजे परगावचे फोन जोडायच्या, बोर्डावर त्यांनी तेवीस वर्षं काढलेली. उजव्या कानानं दगा दिला म्हणून वेळेआधी घरी बसल्या. लग्न केलेलं नव्हतं. "केलं नाही म्हणजे राहून गेलं हो. बघायला यायचे तेव्हा मी कामावर तरी असायची, नाहीतर रातपाळी करून झोपलेली तरी."

मी रोज देवापुढं दिवा लावला की वहीत चार ओळी लिहिते. कुठलं कीर्तन ऐकलं, कोणाचा उपास, सोमवारी सिद्धेश्वराला जाणं झालं की राहिलं. पण अठ्ठ्याहत्तर सालची वही आता चाळली तर पानोपानी अनसूयाबाईच आहेत. देव रागावला नसावा. त्यांनी केलं तेही पूजेसारखंच होतं, फक्त आवाज फार व्हायचा.

सुरुवात झाली समोरच्या लीलापासून. पोर मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा पास, तरी तीन ठिकाणी मुलाखतीला जाऊन तिन्ही वेळा रडत परत आली. अनसूयाबाईंनी तिला माझ्या ओसरीवर बसवलं.

"काय विचारलं गं साहेबानं?"

"नाव विचारलं."

"मग?"

"मी खाली बघत होते. साहेब म्हणाले, नाव फरशीवर लिहिलंय का?"

अनसूयाबाई तिच्यावर हसल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वहिनी, परक्या पुरुषांनी प्रश्न विचारायची वेळ ह्या पोरींवर एकदाच येते, दाखवायला बसवतात तेव्हा. तिथं जे शिकवलं तेच साहेबापुढंही केलं हिनं. पोरीचं काय चुकलं?" आणि दर गुरुवारी दुपारी साडेतीनला वर्ग सुरू झाला. जागा माझी ओसरी, कारण त्यांच्या खोलीत आरामखुर्चीशिवाय माणूस मावत नसे. फी एकच. आठवड्यात बोलताना कुठं घाबरलो, तो एक प्रसंग प्रत्येकीनं घेऊन यायचा.

मग काय काय चालायचं म्हणून सांगू! खुर्चीवर पूर्ण बसायचं, कडेवर चिमणीसारखं नाही. नमस्कार एकदाच करायचा. "येत नाही" म्हणायची लाज नाही, पण त्याच्यापुढं "शिकेन" म्हणायचं. टेलिफोन तर कुणीच हातात धरलेला नव्हता, म्हणून माझं लाटणं घेतलं. एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला तोंड. मध्ये स्वयंपाकघराचा पडदा. पडद्याआडून अनसूयाबाई विचारत, "साहेब आहेत का?" आणि इकडं पोर नुसतीच होकाराची मान हलवी.

"मान हलवू नकोस गं! तारेतून मान जात नाही!"

"बाई, तुमाला कसं कळलं, मान हलवली ते?"

"बांगड्या वाजल्या नाहीत, तोंड वाजलं नाही. मग राहिलं काय?"

रागावलेल्या गिऱ्हाइकाचं काम माझ्याकडं. मी जन्मात मोठ्यानं बोललेली नाही. पहिल्या दिवशी जपमाळ बाजूला ठेवली आणि पडद्याआडून टेंभुर्णीचा व्यापारी झाले, "अहो, माझ्या चादरींचा गठ्ठा कुठंय? थंडी सुरू झाली, गिऱ्हाइकांना काय गोणपाट पांघरू?" असा आवाज लागला की आमचे हे आतून धावत आले, "काय झालं? कोण आलंय?" पुढच्या गुरुवारपासून मीच साडेतीनची वाट बघू लागले.

नागम्मा त्या उन्हाळ्यात आली. बावीस वर्षांची, मॅट्रिक, लग्न होऊन तीन वर्षं. माहेर अक्कलकोटकडचं, म्हणून घरात कानडी. शाळा मराठी. सासरच्या शेजारी तेलंगणातून आलेल्या विणकरांची घरं, म्हणून तेलुगू. आणि बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालून घालून दखनी उर्दूही झकास. नवरा मागावर कामाला. त्या वर्षी आठवड्यातले तीन दिवस माग बंदच असायचा. घरात तो, ती आणि सासू बसम्मा. त्याला आम्ही "नागम्माचा नवरा" एवढंच म्हणत असू, नाव कधी कानावर आलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाई, मला विड्या वळायच्या न्हाईत. मला बोलायचं काम पायजे."

"बोलायचं काम?"

"व्हय. बोलायला लागले की मला बरं वाटतंय बगा."

अनसूयाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वहिनी, ही मागच्या जन्मी बोर्डावरच होती."

दोन महिन्यांत तिला बोलावणंही आलं. स्टेशनाकडच्या एका गिरणीत टेलिफोनच्या बोर्डावर बाई हवी होती. नागम्मा खुर्चीवर पूर्ण बसली, वर बघितलं, आणि मॅनेजरांनी "भाषा कोणत्या येतात?" विचारल्यावर चारही भाषांत "थोडं थांबा, जोडते" म्हणून दाखवलं. मॅनेजर म्हणाले, महिनाभर बघू, जमलं तर कायम. तिनं गल्लीभर शेंगाचटणी वाटली.

चौथ्या आठवड्यात गुरुवारी ती आली ती चेहरा पाडूनच. परवा शनिवारी महिना पुरा होत होता.

"मॅनेजर म्हनले, असंच चाललं तर दुसरी बगतो."

झालं होतं असं. त्या गिरणीत बिराजदार तीन. एक चादरींच्या विक्रीचे साहेब, एक बॉयलरवर, एक गेटवर. म्हणून विक्रीच्या साहेबांना आतले-बाहेरचे सगळे पहिल्या नावानंच ओळखायचे. अनसूयाबाईंनी वर्गात घोकून घेतलं होतं, की गिऱ्हाइकानं ज्याला मागितलं त्याचं नाव आपण स्पष्ट परत म्हणायचं आणि मगच जोडायचं. नागम्मा बाकी सगळ्यांची नावं परत म्हणायची, पण विक्रीच्या साहेबांना फोन आला की नुसतं "जोडते" म्हणून लाईन द्यायची. त्या घाईत हुबळीच्या व्यापाऱ्याचा फोन गेला बॉयलरवर. तिथल्या बिराजदारांनी पाचशे चादरींची मागणी शांतपणे ऐकून घेतली, "व्हय, पाठवतो की" म्हणाले आणि खाली ठेवला. आठ दिवसांनी व्यापारी गरजत आला. असं एकदा नाही, तीनदा झालं.

"अगं, परत म्हणायला काय होतं?" अनसूयाबाईंनी लाटणं तिच्या हातात दिलं. "म्हण. मी हुबळीचा व्यापारी. बिराजदार पाहिजेत."

"कुटले बिराजदार?"

"विक्रीचे. नाव घे त्यांचं."

नागम्मानं पदराचं टोक दातात धरलं.

"नागम्मा! तोंडात काय गूळ धरलायस? परवा नोकरी जातेय तुझी!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडेना. अनसूयाबाई कुणावर रागावलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या. मला मात्र ते पदराचं टोक ओळखीचं वाटलं. मी विचारलं, "नागम्मा, तुझ्या मालकांचं नाव काय गं?"

ती म्हणाली, "अत्तीला इचारा." अत्ती म्हणजे सासू.

मला हसू आवरेना. "अनसूयाबाई, त्या साहेबांचं आणि हिच्या नवऱ्याचं नाव एकच आहे!"

"बरं मग?"

"मग काय! नवऱ्याचं नाव कसं घेईल ती? लग्नाला तीस वर्षं झाली, मी ह्यांचं घेतलेलं नाही. रेशनकार्डाच्या ऑफिसात विचारलं तर शेजारणीला पुढं करते."

अनसूयाबाईंनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "तेवीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याची नावं घेतली हो मी. कुठल्याच नावापाशी माझी जीभ अडली नाही. मला कसं कळणार?"  मग नागम्माच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चुकलं माझं. चल, तुझ्या सासूकडं जाऊ."

"मालक म्हंत्यात, घे की नाव, मला काय न्हाय त्याचं. पर जिबंवर येतच न्हाय बाई. अत्ती तर ऐकायच्याच न्हाईत."

बसम्मा उखळात शेंगदाणे कुटत होती. आम्हाला बघून मुसळ थांबलं. अनसूयाबाईंनी सगळं सांगितलं.

"नाव घेतलं की आयुष्य कमी होतंय," बसम्मा म्हणाली. "माजा एकुलता एक हाय."

"अहो, पण ते नाव तिथल्या साहेबाचं आहे!"

"नावाला काय ठाव, कुणाचं हाय ते?"

अनसूयाबाई माझ्याकडं बघू लागल्या. नागम्मा भिंतीला टेकून उभी. 

मी विचारलं, "बसम्माक्का, लग्नात हिनं नाव घेतलं होतं की नाही?"

"घेतलं की! लई झ्याक घेतलं. पंगत थांबवून ऐकलं लोकांनी."

"तेव्हा नाही का आयुष्य कमी झालं?"

"उखाण्यात घेतलं तर दोष न्हाय." एवढं म्हणून बसम्मा स्वतःच थबकली. मुसळ बाजूला ठेवलं. "पर फोनवर उखाणा?"

अनसूयाबाई सावरून बसल्या. "किती लांब असतो? ट्रंक कॉलला मोजून तीन मिनिटं मिळतात. त्यात सत्यनारायणाची कथा नको."

"दोन वळींचा करते की," बसम्मा म्हणाली. डोळे मिटले, ओठ हलवले, आणि आम्ही दोन श्वास घेतोय तोवर केलाही:

"तळ्यामधी देऊळ, देवळाम्होरं जोगी,
तारंवर बोलावते, शिवयोगी!"

"तुम्हीच घेतलं की नाव!" अनसूयाबाई म्हणाल्या.

"मी आई हाय. मला कोन अडवतंय?"

मग तिथंच सराव झाला. लाटणं बसम्माचं. बोलायच्या जागेवर तळवा ठेवायचा, जोगीपर्यंत आतल्या आत म्हणायचं, हात काढायचा आणि नाव मोठ्यानं. अनसूयाबाईंनी मनगटावरचं घड्याळ लावून बघितलं. पहिल्यांदा अकरा सेकंद, कारण नागम्मा लाजली. आठव्यांदा चार. बसम्मा म्हणाली, "अजून भरभर म्हन, गाडी सुटल्यागत."

शुक्रवारी आम्हा दोघींना घरी बसवेना. कोपऱ्यावर मल्लप्पांच्या किराणा दुकानात फोन होता. मी वरणाला डाळ घ्यायच्या निमित्तानं गेले, अनसूयाबाईंना निमित्तही लागलं नाही. त्यांनी नंबर फिरवला, डाव्या कानाला रिसीव्हर लावला, आणि मलाही ऐकू यावं म्हणून जरा बाहेर धरला. मल्लप्पाही तराजू सोडून वाकले.

"नमस्कार, गिरणी," नागम्माचा आवाज.

अनसूयाबाईंनी घोगरा आवाज काढला. "बिराजदार साहेब पाहिजेत. विक्रीचे."

 मी मनात सिद्धेश्वराला हाक मारली. तारेतून काहीतरी गुणगुणल्यासारखं आलं. तळवा नीट बसला नव्हता, कारण "जोगी" आम्हाला चांगलंच ऐकू आलं. आणि मग घंटेसारखं, "शिवयोगी! शिवयोगी साहेबांना जोडते, लाईनवर राहा."

मल्लप्पांनी टाळी वाजवली. एवढ्यात साहेब लाईनवर आले, आणि त्यांना सांगायला आमच्याकडं काही नव्हतंच. पण तेवीस वर्षांची सवय! अनसूयाबाई अडखळल्या नाहीत. दुहेरी चादरीचा भाव विचारला, रंग विचारला, लाल पक्का आहे का विचारलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या बोर्डावरच्या बाई फार स्वच्छ बोलतात हो."

साहेब हसले. "आज सकाळपासून बोलतात. सतरा फोन आले, गिऱ्हाइकं सांगतात, सतराही वेळा आधी कायतरी कविता होते, मग माझं नाव. आमची बायको वर्षातून एकदा घेते, संक्रांतीला."

"मग? काढून टाकणार का त्यांना?"

"छे हो! आज एकही फोन बॉयलरला गेला नाही. बॉयलरचा बिराजदार येऊन विचारून गेला, फोन बंद पडलाय का म्हणून."

शनिवारी संध्याकाळी नागम्मा कायम झाल्याचा कागद घेऊन आली. मागोमाग बसम्मा, हातात शेंगापोळ्यांचा डबा. डबा तिनं माझ्या ओसरीवर अनसूयाबाईंपुढं ठेवला. वर्गातल्या पोरी गोळा झाल्या. लीलाही होती. तिलाही तोवर एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगचं काम लागलं होतं.

"काय बसम्माक्का, आता खूश?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"खूश म्हंजे! दिसाला सतरा डाव नाव घेतीया माझ्या लेकाचं, ते बी उखाण्यात. त्याला आता शंभर वर्सं कायबी होत न्हाय." मग जरा पुढं सरकून, हळू आवाजात, "पर बाई, रोज रोज त्यो एकच उखाणा बरा दिसत न्हाय. मी अजून चार करून ठेवल्यात. ऐकता का?"

"ऐकते की," अनसूयाबाई म्हणाल्या, चांगला कान तिच्याकडं केला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पण चार सेकंदांच्या आत हं."